हरिबा फायरमनचा थुकणारा व्हॉल

हिंगणमळीचं पोस्ट साताऱ्यात आणि बाजार सांगलीत. जिल्ह्याची शीव गावाच्या ओढ्यातनं जाते, त्यामुळं साताऱ्याचे साहेब म्हणतात हे गाव सांगलीचं आणि सांगलीचे म्हणतात साताऱ्याचं. गावाला त्याचं काही नाही. कृष्णेचं पाणी दोन्हीकडं सारखंच ओलं असतं, आणि ते उचलून माळावर नेणारा पंप हरिबाच्या हातात असतो, एवढं गावाला बास होतं.

हरिबा म्हणजे काडीसारखा गडी. मिशी मात्र अशी भरघोस की आधी मिशी केली आणि मग तिला टांगायला माणूस केला, असं वाटावं. लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोत वीस वर्षं त्यानं आगीच्या बंबावर काढली. वीस वर्षांत आग लागली तीनदा. त्यातली एक मेसच्या कढईतली आणि एक सरावासाठी मुद्दाम लावलेली. पण आग असो नसो, रोज सकाळी पंप चालू करायचा, होज पसरायचा, नोझल धरायचं, दाबाचा काटा बघायचा आणि सगळं पुसून परत जागच्या जागी ठेवायचं. वीस वर्षं असं केलेल्या माणसाला काटा बघितल्याशिवाय च्यासुद्धा गोड लागत नाही.

पेन्शनीत आला तवा गावच्या पाणी संस्थेला पंपावर माणूस हवाच होता. हरिबा गेला आणि चिकटला तो सोळा वर्षं. आपल्या बरोबर त्यानं दोन गोष्टी गावात आणल्या. डेपोच्या लिलावातला पन्नास फुटी कॅनव्हासचा होज, आणि माणसांचासुद्धा दाब मोजायची खोड. पाण्याचा दाब किलोत मोजतात. हरिबा रागही किलोत मोजायचा. "लालासाहेबाकडं आज जाऊ नगा, साडेपाचावर हाय गडी," म्हणायचा. बायकोनं भांडं आदळलं की, "चारावर आली वाटतं," म्हणून गुमान बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा.

आता त्याचा व्हॉल.

पंपघराच्या मागं एक खड्डा, त्यावर लोखंडी झाकण. खड्ड्यात मोठ्या पाइपला जोडलेलं घागरीएवढं लोखंडी धूड. आत जाड स्प्रिंग, वर एक बोल्ट. पाइपातला दाब सहा किलोच्या वर गेला की स्प्रिंग दबते, आतलं झाकण उचलतं आणि जास्तीचं पाणी बाजूच्या नळीतनं ओढ्यात पडतं. दाब उतरला की झाकण परत बसतं. कुकरची शिट्टी जे करते तेच हा करतो. बोल्ट किती आवळायचा त्याची खूण हरिबानं लाल रंगानं मारून ठेवली होती, आणि पंप चालू करायच्या आधी ती खूण बघायची, हा त्याचा नेम. देवाला हात जोडायचा राहील, खूण बघायची राहणार नाही.

असा व्हॉल लागायचा कारण वर माळावर पाइपला बारा तोंडं. ज्याची पाण्याची पाळी संपली त्यानं आपल्या तोंडाचा दांडा सावकाश फिरवून बंद करायचा, असा संस्थेचा नियम. आता नियम शालूबाईला कोण सांगणार? शालूबाईची पाळी संपायला आणि तिच्या म्हशीनं धारेला हंबरायला एकच वेळ. ती एका हातात कासंडी घेऊन यायची आणि दांड्याला लाथ घालायची. वर दांडा खट्ट, खाली पाइपात धाड्! वाहतं पाणी एकदम अडलं की ते मागं येऊन पाइपाला टक्कर देतं. तीस वर्षांचा पाइप त्या टकरीनं कवाच फुटला असता. पण हरिबाचा व्हॉल सहा किलोवर सुटायचा, नळीतनं फस्स करून पाणी ओढ्यात पडायचं आणि पाइप वाचायचा.

गावाला वाचलेला पाइप दिसत नव्हता. गावाला ओढ्यात गेलेलं पाणी दिसत होतं. म्हणून गावानं व्हॉलचं नाव ठेवलं थुक्या. "थुकला बघा आमचं पाणी," असं म्हणत लोक ओढा ओलांडायचे.

आणि सगळ्यात जास्त कुणाला सलत असेल तर हरिबाच्या बायकोला, तानुबाईला.

तानुबाई म्हसवडाकडची. माण तालुक्यातला जलम. लग्नात हरिबाकडचं वऱ्हाड जेवून उठलं आणि चुळा भरून इकडं तिकडं टाकायला लागलं, तवा तिच्या चुलत्यानं भर मांडवात सांगितलं होतं, "पावनं, चूळ भरायची ती पेरूच्या आळ्यात." अशा घरातनं ती नदीकाठी आली. काठावरच्या बायका धुणं धुताना नळ चालू सोडून गप्पा मारतात, हे बघून पहिल्या वर्षी तिला ताप आला म्हणे.

गळती तोटी तिला बघवत नसे. एसटी स्टँड असो, लग्नाचं कार्यालय असो, जाता जाता तोटी आवळणार. आवळूनही गळत असेल तर चिंधी बांधणार. पिशवीत चिंध्यांची गुंडाळी कायम. एकदा शिराळ्याला नागपंचमीला नेली, तर सगळी दुनिया मिरवणूक बघायला धावली आणि ही टाकीखालच्या तोट्या आवळत बसली. चौदा तोट्या. येताना गाडीत हरिबाला म्हणाली, "लय चांगलं गाव हाय, पण तोट्या ढिल्या."

अशा बाईच्या नवऱ्याचा व्हॉल रोज ओढ्यात पाणी थुकतो! घरात तो विषय निघाला की दोघांचं ठरलेलं बोलणं व्हायचं.

"आवं, तेवढ्या पाण्यात माझ्या माहेरची चार शेरडं जगली असती."

"अगं, ते पाणी न्हाई, ते प्रेशर हाय."

"मग प्रेशर ओलं कसं?"

ह्यावर वीस वर्षं आगीशी खेळलेला माणूस मिशी पुसत ओट्यावर जाऊन बसायचा.

तर गेल्या साली संस्थेला नवा चेअरमन आला. जयराज. पोरगा शिकलेला, तडफेचा, जिभेला गोड. पंप मोबाइलवरनं चालू-बंद करायचं खूळ त्यानंच आणलं आणि ते चाललंही. पण वार्षिक सभेत तो उभा राहिला आणि त्यानं तोच मोबाइल वर धरला.

"गेल्या म्हयन्यात हा व्हॉल एकवीस येळा थुकलाय. एकवीस व्हिडिओ हायेत माझ्याकडं. वरच्या लोकांचा ऊस पिवळा पडतोय आन् आपण ओढ्याला पाणी पाजतोय. माझं म्हणणं, व्हॉल काडायचा आन् तितं लोखंडी चकती मारून टाकायची. काय म्हणता?"

सभा म्हणाली, व्हय. सगळ्यात मोठ्यानं शालूबाई म्हणाली.

हरिबा कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता, तो उठला. बोलायची सवय नाही, त्यामुळं एकदम वरच्या पट्टीतच सुरुवात झाली.

"चेअरमन, व्हॉल निघाला की त्याच दिवशी पंपघराची किल्ली तुमच्या टेबलावर. बिगर व्हॉलच्या पंपाला ह्यो हरिबा हात लावणार न्हाई. डेपोत आसं कुणी केलं आसतं तर उलटा टांगला आसता."

"आप्पा, सहावर गेला काय?" जयराज हसत म्हणाला आणि सभा फिदीफिदी हसली.

"गेलो! आन् म्हणून बोलतोय. बोलल्याशिवाय उतरत न्हाई, त्यालाच व्हॉल म्हणत्यात!"

लालासाहेब संस्थेचा जुना संचालक. हळदीचं शेत पाइपाच्या अंगाला, बोलणं सावकाश, प्रत्येक शब्द वजन करून टाकल्यासारखा. तो म्हणाला, "एवढं सांगतोय तर दाखवू दे की गड्याला. बघून ठरवू."

ठरलं. येत्या रविवारी सकाळी पंपघरापुढं हरिबानं दाखवायचं. पटलं तर व्हॉल राहील. नाही पटलं तर सोमवारी व्हॉल जाईल आणि त्याच्या मागनं हरिबा.

हरिबानं डोक्यात सगळा बेत आखला. वरची बारा तोंडं बंद ठेवायची. पाइपाला आपला होज जोडायचा, म्हणजे सगळं पाणी होजमधनं. आधी व्हॉल चालू ठेवून नोझल फटकन बंद करायचं. काटा सहावर थांबेल, व्हॉल ओढ्यात थुकेल, होजला काही होणार नाही. मग व्हॉलखालची चावी बंद करून परत तेच करायचं. दुसऱ्या वेळी होज फुटेल. फुटलेला होज बघितला की गावाला समजेल, उद्या ह्याच्या जागी पाइप असणार आहे.

होजवर जीव होता त्याचा. पण व्हॉलवर जास्त होता.

रविवारी पहाटेच हरिबानं ट्रंक उघडली आणि डेपोतला खाकी युनिफॉर्म काढला. पँट कमरेला ढगळ व्हायची, तिला बेल्टानं आवळली. बूट पॉलिश केले. मग बेल्टाचं पितळी बक्कल हातात घेतलं, ते काळवंडलेलं. चिंच लावून घासायला बसला. तानुबाई दारातनं बघत होती.

"बक्कल बघून व्हॉल ठेवणार हायती व्हय?"

"तुला न्हाई कळायचं. डेमो हाय डेमो."

तानुबाई पदर खोचून कुठंतरी गेली. हरिबा घासत राहिला. बक्कलात मिशी दिसायला लागली तवाच थांबला, आणि तोवर गाव पंपघरापुढं जमलंसुद्धा होतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा लाल खूण बघायची राहिली.

गाव दोन ठिकाणी उभं केलं होतं. अर्धं पंपघरापुढं, अर्धं ओढ्यावर नळीच्या तोंडापाशी लालासाहेबाच्या देखरेखीखाली. नोझल कुणी धरायचं म्हटल्यावर जयराज पांढऱ्या शर्टाच्या बाह्या सारून पुढं झाला. "चेअरमनच धरणार. उगं मागनं कुणी म्हणायला नको, आप्पांनी आपला माणूस लावला."

"धरा. पाय फाकवून हुबं ऱ्हावा. ह्या पयल्या येळंला काय व्हत न्हाई. दुसऱ्या येळंला मात्र लांब पळायचं."

हरिबानं सलाम ठोकल्यासारखा हात केला आणि पंप चालू केला. होजमध्ये पाणी शिरलं, तो अंग ताणत सरळ झाला. नोझलमधनं धार निघाली ती थेट समोरच्या बाभळीच्या शेंड्यावर. बाया हसल्या, म्हातारी माणसं मागं सरली.

"आता करा बंद! फटक्यात!"

जयराजनं फटक्यात बंद केलं.

हरिबाची नजर काट्यावर. सहा. थांब की गड्या. काटा थांबला नाही. सात. हरिबाची मिशी उभी राहिली. ओढ्यावरनं लालासाहेबाचा आवाज आला, त्याच नेहमीच्या सावकाशीनं, "हरिबा, हितं थेंबसुद्दा न्हाई रं!"

आठ.

"सोडा! चेअरमन, नोझल सोडा!" म्हणून हरिबा लाल बटणाकडं झेपावला, तोवर होज मधोमध फाटला. धाड् करून आवाज झाला आणि अर्धा होज नुसता सैरावैरा. पहिला तडाखा जयराजच्या पायाला, दुसरा अख्ख्या अंगाला. चेअरमन चिखलात बसले. मग होजनं म्हातारी माणसं धुतली, शालूबाईची कासंडी उडवली आणि पंप बंद झाल्यावरच शांत झाला.

मग चिखलात बसल्या बसल्या जयराजनंच विचारलं,

"आप्पा, हे व्हॉलसकट का बिगर व्हॉलचं?"

असं हसलं म्हणता गाव! पार पलीकडच्या जिल्ह्यात ऐकू गेलं असेल.

हरिबा हसला नाही. त्यानं खिशातनं पंपघराची किल्ली काढली, जयराजपुढच्या कोरड्या दगडावर ठेवली आणि खड्ड्याकडं गेला. बोललेला शब्द पाळायचा होता, पण सोळा वर्षं साथ दिलेल्या व्हॉलनं ऐन वेळी दगा का दिला, हे त्याला बघायचं होतं. झाकण उचललं आणि उकिडवा बसला.

बोल्ट पार तळाला आवळलेला. लाल खूण कुठंच दिसंना. आणि बोल्टाच्या गळ्याशी हिरवी, पिवळ्या ठिपक्यांची चिंधी. तीन वेढे, दोन गाठी.

त्या कापडाचं लुगडं म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत हरिबानंच घेतलं होतं.

तो तसाच बसून राहिला. मागनं लोक येत होते. "काय झालंय रं?" "काय निघालं?" हरिबानं चिंधी ओढून काढली आणि गुपचूप खाकी पँटच्या खिशात सारली.

"काय न्हाई. गंजून अडाकला व्हता," तो म्हणाला. ज्या व्हॉलला सोळा वर्षांत गंजाचा टिपका बसू दिला नाही, त्याच्याबद्दल असं बोलताना त्यानं व्हॉलकडं बघायचं टाळलं. "माझी चूक. सकाळी बगाया पायजे व्हतं. उद्या काडून टाका तो."

"काय गंजलाय?" गर्दीतनं आवाज आला. तानुबाई बाया बाजूला सारत पुढं आली. "रोज त्याल लावता, गंजंल कशानं? म्या आवळलाय त्यो."



"कवा?" हरिबानं विचारलं.

"तुमी बक्कल घासत व्हता तवा."

"कशानं?"

"पान्यानं. बावीसचा फिरवायचा, चोवीसचा धरायचा. सोळा वर्षं जेवताना दुसरं काय बोलता तुमी? गावात म्हणत्यात, थुकतोय म्हणून त्यो काडणार आन् तुमीबी घरी बसणार. म्हटलं, थुकलाच न्हाई तर काडतील कशाला?" मग जरा थांबून म्हणाली, "आन् घरी बसून दिवसभर माझ्या भांड्यांचं प्रेशर मोजणार. ते कुणी सोसायचं?"

हरिबानं खिशातली चिंधी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती झटकली, घडी केली आणि कमरेला खोचली.

लालासाहेब ओढ्यावरनं वर आला होता. त्याचं डोकं सावकाश चालतं, पण चाललं की वाटेत थांबत नाही.

"म्हंजे एक मिनिट. व्हॉल बंद व्हता."

"बंद व्हता," तानुबाई म्हणाली.

"म्हणून होज फुटला."

"मग काय."

"आन् समजा होज नसता तर?"

"पाइप गेला आसता," हरिबा म्हणाला. "जितं कच्चा आसंल तितं. होज सगळ्यात कच्चा व्हता, म्हणून आज पाइप वाचला."

लालासाहेबानं मान वर करून पाइपाकडं बघितलं. तो त्याच्या हळदीच्या कडेनं चढून माळाला गेला होता. मग हळूहळू सगळ्या गावानं मान वर केली आणि ज्याच्या त्याच्या रानापर्यंत नजर पाइपावरनं चालवत नेली. कुणाच्या द्राक्षाखालनं, कुणाच्या घराच्या पायाशेजारनं. शालूबाई एकदम किंचाळली,

"आगं बया! माझ्या गोठ्याच्या भिताडाला खेटून गेलाय की ओ त्यो! म्हस बांदतो ना आमी तितं!"

"आन् वैनी, दांड्याला लाथ कोण घालतं?" लालासाहेबानं विचारलं.

शालूबाईनं कासंडीचा पोचा बघितल्यासारखं केलं.

जयराज उठला. शर्टाचा रंग आता सांगता येत नव्हता. त्यानं दगडावरची किल्ली उचलली, चिखलाचा हात पाठीवर पुसला आणि किल्ली हरिबापुढं धरली.

"आप्पा, एकवीस व्हिडिओ काडले मी. बाविसावा काडायला मोबाइल कोरडा न्हाई. घ्या किल्ली. व्हॉल ऱ्हातोय. पण ओढ्यातलं पाणी तेवढं खटकतंय, खरं सांगतो."

"मग नळीच्या तोंडाखाली हौद बांदा," तानुबाई म्हणाली. "थुकू दे की मग. हौदात थुकलं तर ते पाणीच."

हरिबानं बोल्ट लाल खुणेवर आणला, होजचा उरलेला पंचवीस फुटी तुकडा जोडला आणि परत पंप लावला. या वेळी नोझल धरायला कुणी पुढं होईना, तवा तानुबाईनंच धरलं. तिनं ते बंद केलं ते असं फटक्यात, की जन्मभराचा सराव कामी आला. काटा सहावर जाऊन गुमान उभा राहिला. ओढ्यात फस्स झालं. हरिबानं बक्कल सरळ केलं.

पंधरा दिवसांत हौद झाला. चांगला दहा फुटी, कडेला धुणं आपटायला दगड, खाली जनावरांसाठी डोण. जयराजनं नारळ फोडला. तानुबाईनं घरातल्या सगळ्या वाकळा धुवायला काढून ठेवल्या.

आणि हौद कोरडा.

झालं असं होतं की त्या रविवारपासनं गाव शहाणं झालं होतं. माळावरचं प्रत्येक तोंड सावकाश बंद व्हायला लागलं. शालूबाई तर कासंडी खाली ठेवून, दोन्ही हातांनी, निजलेल्या लेकराचं पांघरूण सरळ करावं तसा दांडा फिरवायची. पाइपात टक्कर नाही, काटा पाचाच्या वर नाही, व्हॉल मुका. एक आठवडा झाला, दुसरा झाला. वाकळांचा ढीग तसाच.

"आवं, तुमचं प्रेशर कुठं गेलं?" तानुबाईनं बुधवारी विचारलं. भांडं आदळलं नव्हतं, पण हरिबाच्या अंदाजानं पाच तरी होतंच.

"चांगलं हाय की. कुणी दणका देत न्हाई."

"आन् हौद काय बघायला बांदलाय?"

हरिबा पंपघरात गेला. खड्ड्याचं झाकण उचलून बोल्टाकडं बघितलं. पाव फेरा सैल केला की झालं काम. पाना हातात घेतला आणि परत ठेवला. खूण म्हणजे खूण. मग मोबाइल काढला.

"शालूवैनी, हरिबा बोलतोय. पाळी संपत आली न्हवं?"

"व्हय व्हय. हळूच बंद करते, काळजी करू नगा भावजी."

हरिबानं दाराबाहेर डोकावून बघितलं. तानुबाई वाकळा डोक्यावर घेऊन ओढ्याकडं निघाली होती.

"हळूच नगं," तो आवाज बारीक करून म्हणाला. "आजच्या दिवस तेवढी लाथ घाला."

पलीकडनं कासंडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग शालूबाईनं विचारलं,

"किती किलोची घालू?"

हरिबानं काट्याकडं बघितलं, मनात हिशेब केला आणि म्हणाला, "सव्वासहा."